खोक्यातला बत्ता

चिटणीसबाईंनी कात्रीने चिकटपट्टी कापली, खोक्याचं झाकण उचललं आणि फडक्यात गुंडाळलेला लोखंडी बत्ता बाहेर काढला.

खेळण्यातल्या रेल्वेगाड्या जमवणाऱ्यांच्या महिन्याच्या बैठकीत सगळे पुढे झुकले. आज गार्डच्या निळ्या इंजिनाची पाळी होती आणि खोक्यात तेच असायला हवं होतं. गार्ड हे त्याचं मंडळातलं नाव. नोकरी त्याने जन्मभर विमा कचेरीत केली.

मंडळाचा नियम एकच, पण कडक. ज्याचं इंजिन, त्यानेच ते रुळांवर चढवायचं. ती इवलीशी चाकं रुळांवर बसवायला हात स्थिर लागतो. ज्याला जमेनासं होतं तो भिंतीकडच्या खुर्चीत बसतो, आणि दोन-चार महिन्यांत यायचाच बंद होतो.

"चहाला आपण सगळे आतल्या खोलीत होतो," चिटणीसबाई म्हणाल्या. "इथे एकटे डॉक्टर होते."

दाताचे डॉक्टर मंडळात नवे. त्यांनी ते इंजिन दोनदा विकत मागितलं होतं. एवढं भांडवल माणसाला चोर ठरवायला पुरतं.

"मी फोनवर होतो. पेशंटचा फोन होता," डॉक्टर म्हणाले. "हवं तर खिसे तपासा."

"खिसे कशाला? राजीनामा द्या, म्हणजे पोलीस नकोत," चिटणीसबाई म्हणाल्या.

गार्ड विजारीच्या खिशांत हात घालून बसला होता.

सगळ्यांनी इन्स्पेक्टरकडे पाहिलं. हा खराखुरा, पण निवृत्त. बायको गेल्यापासून तो एकही बैठक चुकवत नसे, कारण इथे कुणी 'कसे आहात' विचारत नाही, इंजिनाचं विचारतात. आत सगळं बधिर होतं, दाढ काढताना सुई दिल्यावर होतं तसं. अपेक्षा होती म्हणून तो उठला.

"डॉक्टर, येताना हातात काय होतं?"

"काही नाही. आज माझी पाळी नव्हती."

"बाई, खरं?"

"हो. दार मीच उघडलं. रिकाम्या हातांनी आले."

"चिकटपट्टी ठेवता इथे?"

"नाही. नुसती कात्री."

"कापलीत तेव्हा पट्टी कशी होती?"

"घट्ट. वेढ्यावर वेढे."

"गार्ड, तू खोक्याला नेहमी दोरी बांधतोस. आज पट्टी का?"

"दोरी सापडली नाही."

"आणि चहा का नाही घेतलास?"

"नको होता."

चहाला नाही म्हणणारा गार्ड कुणी पाहिला नव्हता. इन्स्पेक्टरने बत्ता उचलून पाहिला. त्याचा आवाज फाईल वाचावी तसा सपाट होता.

"डॉक्टरांनी हा बत्ता आणला कशातून? पट्टी कुठून आणली? आणि संग्राहक इंजिन चोरेल, पण मूळ खोकं मागे ठेवेल? खोक्याविना इंजिनाची किंमत निम्मी, हे तर इथलं शेंबडं पोरही सांगेल. चहाच्या वेळी इथे काहीच घडलं नाही. खोकं घरून आलं तेव्हाच त्यात वजनापुरता बत्ता होता. दोरीची गाठ मारता येत नाही म्हणून पट्टी. कप धरता येत नाही म्हणून चहा नको. हात बाहेर काढ, गार्ड."

गार्डने हात बाहेर काढून मांडीवर ठेवले. बोटं थरथरत होती आणि त्याला ती थांबवता येत नव्हती.

"पुसताना सुटलं हातातून," तो म्हणाला. "फरशीवर. तुकडे झाले. पाळी चुकवली असती तर विचारलं असतं तुम्ही. चोरीला गेलं म्हटलं की हाताचं कुणी विचारणार नाही, असं वाटलं. मी डॉक्टरांचं नाव घेतलं नव्हतं."

"इतरांनी घेतलं तेव्हा नाहीही म्हणाला नाहीस."

"हो. तेवढंही म्हणालो नाही."

चिटणीसबाईंनी डॉक्टरांची माफी मागितली. डॉक्टरांनी मान हलवली आणि गार्डकडे न बघता निघून गेले.

मग गार्ड उठला. इन्स्पेक्टर त्याच्याबरोबर खाली आला. रस्त्यावर गार वारं होतं. गार्ड कोट अंगात घालून नुसता उभा राहिला.

"खासगीत सांगितलं असतंस तर?" गार्डने विचारलं.

"त्या माणसाचं नाव चारचौघांत गेलं होतं. चारचौघांतच परत द्यायला हवं."

"बरोबर आहे तुझं," गार्ड म्हणाला. "पण आता मी कुठे जाऊ रे?"

इन्स्पेक्टरला वाईट वाटायला हवं होतं, तेही धड जमत नव्हतं. त्याने पुढे होऊन गार्डच्या कोटाची बटणं खालपासून एकेक लावायला घेतली, आणि गार्डने ती लावू दिली.