केशरबाईची घागर आणि मोठी टाकी

पटो न पटो, ही गोष्ट घडलेली आहे. निजामाचं राज्य होतं. उमापूरहून सरकी भरून मोमिनाबादला एक लॉरी जायची. ती हाकायचा बंकट.

लॉरीची टाकी लहान. पेट्रोल कमी झालं की चढावर ते इंजिनापर्यंत पोचतच नसे. म्हणून बीडच्या पुढं, घाट लागायच्या आधी, बाभळीखाली थांबून डबा ओतावाच लागे. तिथं केशरबाई धनगरीण एकटीच राहायची, चार मेंढरं घेऊन. इंजिन तापलेलं दिसलं की न सांगता घागर घेऊन यायची. बंकट तिला मावशी म्हणायचा.

त्या चैत्रात तिला ताप भरला. उतरायचं नाव घेईना. मला मोमिनाबादच्या दवाखान्यात नेशील का, असं तिनं विचारलं.

"पुढल्या खेपंला नेतो की मावशी. गाडी हितं थांबतीच."

पण त्या खेपेला मालकानं बीडमध्ये मोठी टाकी बसवून घेतली. आता मधे थांबायचं कामच उरलं नाही. अमावास्येची संध्याकाळ होती. बंकट खुशीत निघाला.

बाभळीखाली केशरबाई उभी होती. हात वर करून...

चढासाठी घेतलेला वेग मोडायला त्याचं मन होईना. येताना बघू, असं म्हणून त्यानं नजर वळवली.

येताना बाभळीखाली माणसं जमली होती.

केशरबाई गेली होती. उशाला गाठोडं. शेजारी इंजिनासाठी भरून आणलेली घागर.



पुढच्या खेपेला बरोबर बाभळीजवळ लॉरी बंद पडली...

त्यानं टाकीत काठी घातली. काठी कोरडी आली. बीडला त्यानं स्वतः टाकी भरली होती. खाली ओल नव्हती. पेट्रोलचा वाससुद्धा नव्हता.

पाखरूही ओरडत नव्हतं.

आणि मागं... घागर जमिनीवर टेकल्याचा आवाज.

वळून पाहिलं. कुणीच नव्हतं.

सवयीनं अजून जवळ ठेवलेला डबा कसाबसा ओतून तो घाट चढला. वर पुन्हा काठी घातली, तर टाकी तुडुंब.

दर खेपेला हेच. शेवटी, जुनीच टाकी बसवा म्हणून तो मालकाच्या पाया पडला.

"कावून बे? नवी गळती काय?"

"टाकीचं काई न्हाई, मालक. मीच थांबलो न्हाई."

मालकाला काही कळलं नाही. पण टाकी बदलली.

त्या दिवशी बंकट बाभळीखाली थांबला. डबा ओतला. शेजारची जागा अंगावरच्या पंच्यानं पुसली.

"चल मावशी. बस गाडीत."

कुणी बसलं नाही.

इंजिनातून वाफ निघत होती. पाणी घालायला त्यानं झाकण उघडलं...

आत पाणी काठोकाठ होतं. गार. आत्ताच कुणी ओतावं तसं.

तिनं शिव्या घातल्या असत्या तर त्यानं सोसल्या असत्या. हे त्याला सोसलं नाही. बंकट पुढं म्हातारा झाला, लॉरी कधीच सुटली. तरी न मागता कुणी पाण्याचा तांब्या पुढं केला, की तो पाणी न पिताच उठून जायचा.