मुळाशी पाणी

मास्तर सकाळीच नर्सरीत गेले ते खडीचं पोतं आणायला. शाळेचे मास्तर नव्हेत, शिवणकामाचे. उभा जन्म पायमशीन चालवण्यात गेला होता. बायको गेल्यापासून मशीन बंद होतं आणि बोलणंही. जाण्याच्या आठवड्यात तिनं हौसेनं आणलेलं जुनिपरचं बुटकं निळं झुडूप तेवढं फाटकाशी उभं होतं, गुडघ्याएवढं. ते जगवायचं, एवढं एकच काम मास्तरांनी स्वतःच्या मागे लावून घेतलं होतं.

"रोज पाणी घालता का?" नर्सरीवाल्यानं विचारलं.

"थेंबसुद्धा नाही. तरी माती रोज ओली."

"मग कुणीतरी घालतंय. थांबवा त्याला. या झाडाला तहान सोसते, पाणी सोसत नाही. खाली मुळं कुजतात आणि वर पत्ताच लागत नाही. मेल्यावरही महिना-दीड महिना असंच निळंशार, टवटवीत दिसतं."

"मग जिवंत आहे की नाही, ओळखायचं कसं?"

"बुंध्याला नखानं खरवडायचं. आत ओलं, हिरवं दिसलं तर आहे. कोरडं, तपकिरी दिसलं तर..." त्यानं नुसते हात झटकले.

घरी येताच मास्तरांनी बुंधा खरवडला. आत हिरवं होतं. पेन्सिलला टोक काढताना येतो तसा वास बोटांना लागला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

पाण्याच्या बाबतीत बायकोचा हात भलताच सैल होता. कितीतरी रोपं तिनं मायेनं बुडवून मारली होती. नवऱ्यालाही सोडलं नव्हतं. मास्तर मशीनवर बसले की पाण्याचा ग्लास पुढ्यात यायचा. "प्या हो, सुकून जाल." मास्तर चिडवायचे, "मला काय कुंडीत लावलंयस?"

मास्तरांनी झुडपाभोवती खडी पसरली, बागेतल्या नळाची चावी काढून खिशात टाकली आणि झारी माळ्यावर ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी माती ओलीच.

मग ते पहाटे खिडकीशी खुर्ची टाकून बसले. बाहेर धुकं होतं. कुठे पानसुद्धा हलत नव्हतं. उजाडता उजाडता झारीचा आवाज आला. आधी झरझर, मग टपटप, मग झारीचं तोंड फाटकावर दोनदा आपटल्याचा. माती अडकली की बायको आपटायची, अगदी तसा. फाटकापाशी कुणी नव्हतं. फक्त झुडपाभोवतीची खडी भिजून काळी होत होती, एका बाजूनं, सावकाश.

झरझर पुन्हा सुरू झाली. मास्तर खुर्चीतून उठले. पळून जावंसं वाटलं, आणि दार उघडून तिच्याजवळ जावं असंही वाटलं.

"अगं... पुरे. मरेल ते."

झरझर थांबली नाही.

"तुझं एवढंच उरलंय गं माझ्यापाशी... घालायचंच असेल तर मला घाल. त्याला सोड."

आवाज मध्येच थांबला. मग भरल्या झारीतलं पाणी डचमळू लागलं. फाटकाकडून पायरीपर्यंत... पायरीवरून दारापर्यंत...

त्या दिवसापासून माती कोरडी राहू लागली. झुडपाला नवी निळी पालवी फुटली. मास्तरांची गादी मात्र रोज सकाळी पायथ्याशी ओली असे. छत कोरडंठाक होतं. पावलं फार वेळ पाण्यात राहावीत तशी सुरकुतलेली असत आणि नखांत माती सापडे. सुरुवातीला ते घाबरले. नंतर घाबरेनात. खरं सांगायचं तर त्यांना बरंच वाटे. आपलं कुणीतरी करतंय, एवढं पुरे होतं.

महिन्याभरानं लेक भेटायला आली आणि दारातच थबकली. "बाबा, किती टवटवीत दिसताय! मी उगाच काळजी करत होते."

तिनं चहा केला. बोलता बोलता तिचा धक्का लागून कप कलंडला आणि उकळता चहा मास्तरांच्या पावलावर सांडला. लेक किंचाळली. मास्तर तिच्याकडे बघतच राहिले, कारण त्यांना काहीच जाणवलं नव्हतं.

"हलू नका, गार पाणी आणते!" ती स्वयंपाकघरात धावली. आत नळ धो धो वाहू लागला.

मास्तर वाकले. घोट्यापाशी नखानं जरासं खरवडलं. रक्त आलं नाही. कातडीखाली कोरडं, तपकिरी होतं. बोटं नाकाशी नेली तर पेन्सिलला टोक काढल्यासारखा वास आला.

आत लेकीनं नळ बंद केला. "आले हं बाबा, पाणी घेऊन आले!"

नळ बंद झाला होता. तरी मास्तरांच्या पायाशी झरझर चालूच होती.