बिडाचा लाम, पोलादाचा अलिफ

"अहो! हात काढा आधी त्याच्यावरून!"

वेल्डिंगचा मुखवटा कपाळावर सरकवत ती ओरडली, तसा तो तरुण दचकून दोन पावलं मागे सरला. भंगाराच्या अंगणात पांढराशुभ्र सदरा घालून येणारा माणूस एकतर वाट चुकलेला असतो, नाहीतर डोक्यानं अधू, असं तिचं ठाम मत होतं. हा तर रणगाड्याच्या तोफेची नळी बोरू लावून मोजत होता. बोरू! लिहायचा बोरू!

"काय मोजताय?"

"नुक्ते," तो म्हणाला. "बोरू कागदावर टेकवला की चौकोनी ठिपका उमटतो ना, तो नुक्ता. आमच्याकडे प्रत्येक अक्षर त्याच मापानं मोजतात. अलिफ सात नुक्ते उंच असतो. आणि ही नळी..."

"ती रणगाड्याची नळी आहे. अलिफ-बिलिफ नाही."

"आजवर नव्हती," तो हसला. "आता होईल."

हसताना त्यानं कपाळावरचा घाम पुसला आणि हातावरचं सगळं ग्रीस तोंडाला फासून घेतलं. तिला हसू आवरेना. तेवढ्यात आतून अब्बा आले आणि म्हणाले, "अगं, हेच ते. सुलेखनाच्या उस्तादांचे शिष्य. शाळेच्या कामासाठी आलेत."

आता ही कोण, ते सांगायला हवं. गल्लीत तिला सगळे ठिणगी म्हणत. वेल्डिंग करायची म्हणूनही आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही म्हणूनही. लढाई संपून दोन वर्षं झाली होती. अब्बांच्या कारखान्याच्या अंगणात त्या लढाईचं सगळं लोखंड येऊन पडलं होतं: तोफेची नळी, रणगाड्याच्या पट्ट्याचे दात, गोळ्यांच्या पितळी पुंगळ्या. आणि एका कोपऱ्यात मुलींच्या शाळेच्या फाटकाची बिडाची कमान. त्याच नळीनं ती उडवली होती. सुट्टीचा दिवस होता म्हणून जीव वाचले. त्या कमानीखालून ठिणगी दहा वर्षं शाळेत गेली होती. ती वितळवायचा विषय कुणी काढला, की ती घण घेऊन उभी राहायची.

शाळा नव्यानं उभी राहिली होती. बारा दिवसांनी उघडायची होती, आणि दारात माणसाहून उंच एकच शब्द उभा करायचा होता, 'सलाम'. अक्षरं उस्तादांच्या शिष्यानं रेखायची, घडवायची ठिणगीनं.

"दात लावून सीन, म्हणजे 'स'; पुंगळीचा मीम, म्हणजे 'म'," बोरूवाला जमिनीवर खडूनं रेघा ओढत म्हणाला. "मधले दोघं, 'ल' आणि 'आ', मात्र एकमेकांत गुंतलेले असतात. लाम आणि अलिफ. लाम खालून वळत येतो, अलिफ तिरका येऊन त्याला मिळतो. अलिफ या नळीचा. लामसाठी तशी वळणदार वस्तू हवी..."

ठिणगी त्याला कोपऱ्यात घेऊन गेली. कमान बघून तो खडू हातात तसाच धरून उभा राहिला.

"पण पोलादाला बीड धरत नाही," अब्बा म्हणाले. "तडकतं. माझ्याच्यानं जन्मात जमलं नाही."

"मला जमेल," ठिणगी म्हणाली.

अब्बांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कामावर आजोबांच्या वेळचा एक ठसा मारला जायचा. तो अब्बांच्या कमरेला असायचा. सहा वर्षं निम्मं काम ठिणगी करत होती, पण ठसा कधी तिच्या हाती आला नव्हता. "तो सांधा माझ्या घणाखाली टिकला, तर ठसा तुझा," अब्बा म्हणाले. "नाही टिकला, तर पुन्हा मागायचा नाही."

"असाच घोर मलाही लागलाय," बोरूवाला नंतर हळूच म्हणाला. "उस्तादांनी इजाजत दिल्याशिवाय अक्षराखाली नाव लिहिता येत नाही. नऊ वर्षं झाली. हे काम बघून देणार आहेत... किंवा नाही."

"नऊ वर्षं? मग काय, अगदीच बोरूबहाद्दर दिसताय!"

"आणि तुम्हाला ठसा मिळाला का हो अजून?" त्यानं निरागसपणे विचारलं.

ठिणगीनं खाडकन मुखवटा तोंडावर ओढला.

पुढचे दिवस कसे गेले, कळलं नाही. तो बोरू घेऊन मापायचा आणि म्हणायचा, "अर्धा नुक्ता जास्त." ती म्हणायची, "अर्ध्या नुक्त्यानं काय आभाळ कोसळणार आहे?" आणि तोंडानं वाद घालत घालतच अर्धा नुक्ता घासून काढायची. कारण खरं सांगायचं तर, घासल्यावर ते अक्षर खरंच उभं राहायचं, ऐटीत. तिच्या हातून इतकं देखणं काही आजवर घडलं नव्हतं. तो बघत असला की तिचा हात जास्तच स्थिर चालायचा, आणि मुखवट्याआड ती गालातल्या गालात हसायची. मुखवट्याचा एवढा उपयोग तिला आधी ठाऊक नव्हता.

"मुखवटा काढून बोललात तर बरं," तो एकदा म्हणाला.

"का?"

"काही नाही... आवाज नीट ऐकू येत नाही."

"की चेहरा नीट दिसत नाही?"

त्यानं बोरू खाली पाडला. घण मारणारे काका खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले.

सातव्या दिवशी सांधा झाला. बीड कोळशावर मंद लाल होईपर्यंत तापवलं, इंच-इंच वेल्ड मारला, प्रत्येक इंचावर हातोडीचे हलके ठोके दिले, आणि मग सगळा सांधा गरम राखेत पुरून वर पत्रा ठेवला. "दोन दिवस कुणी हात लावायचा नाही," तिनं बजावलं. "हळूहळू निवायला हवं. वारं लागलं की संपलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली, तर पत्रा तिरका आणि राख विस्कटलेली. तिनं राख दूर केली. लाम आणि अलिफ जिथं मिळत होते, तिथंच केसाएवढा तडा होता.

"घाई केलीस," मागून अब्बा म्हणाले. सगळ्या कारागिरांसमोर म्हणाले.

ती तोंड उघडणार, तोच तिला पत्र्याच्या कडेवर काळ्या शाईची तीन बोटं दिसली. ती बोटं कुणाची, हे सांगायला ज्योतिषी नको होता. रागानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण दुसऱ्याचं नाव सांगून स्वतः सुटायचं, हे तिच्या रक्तात नव्हतं. तिनं पदरानं ती बोटं पुसून टाकली आणि मान ताठ ठेवून गप्प उभी राहिली.

दुपारी बोरूवाला आला. एकटा नव्हे, उस्तादांना सोबत घेऊन. आल्या आल्या सगळ्यांसमोर म्हणाला, "पत्रा मी उचलला. शाई ओली आहे तोवरच अक्षर तपासायचं, चुकलं तर तेव्हाच सावरायचं, ही आमची सवय. अलिफचा कल बरोबर आहे का, ते बघायला... मला राहवलं नाही. त्यांची काही चूक नाही."

उस्तादांनी पांढऱ्या दाढीवरून हात फिरवला. "ज्याला थांबता येत नाही, त्यानं नावाची घाई करू नये," ते शांतपणे म्हणाले. "आणखी एक वर्ष."

ते निघून गेले. तो खाली मान घालून उभा होता. ठिणगी तरातरा त्याच्यासमोर गेली.

"शहाण्या, गप्प बसला असतास तर नाव मिळालं असतं तुला!" 'अहो-जाहो' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

"आणि तुझा ठसा गेला असता."

तिला भांडायचं होतं. पण त्या सरळ उभ्या राहिलेल्या माणसाकडे बघून तिचा ऊर असा भरून आला, की ती एवढंच म्हणाली, "उभा काय राहिलास? भाता धर. चार दिवस उरलेत."

त्यानं भाता धरला. पांढरा सदरा तासाभरात कोळशासारखा झाला. तडा घासून काढला, पुन्हा तापवलं, पुन्हा इंच-इंच जोडलं, पुन्हा राखेत पुरलं. आणि मग तो पठ्ठ्या दोन दिवस पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत राखेच्या ढिगाकडे पाठ करून बसला. वळून बघायला नको म्हणून! बाहेर भुरभुर पाऊस सुरू झाला, तर त्यानं दाराच्या फटीला आपला सदरा लावला. येणारे-जाणारे कारागीर पोट धरून हसले. ठिणगीही हसली, आणि मग मुखवटा नसतानाच त्याच्याकडे खूप वेळ बघत राहिली. त्याची पाठ होती, म्हणून चाललं.

तिसऱ्या दिवशी अब्बांनी स्वतः घण उचलला. एक. दोन. तिसरा तर त्यांनी असा हाणला की काकांनी डोळे मिटले. सांधा घंटेसारखा वाजला आणि जागचा हलला नाही. अब्बांनी घण खाली ठेवला, कमरेचा ठसा सोडला, बाहीला पुसला आणि तिच्या हातात दिला.

"माझ्या बापाला जमलं नाही, मला जमलं नाही," ते म्हणाले. "पोरी, तू केलंस."

शाळा उघडली. उन्हात 'सलाम' उभा होता. मुली त्याच्या बाजूनं आत जात होत्या. म्हाताऱ्या मुख्याध्यापिकाबाईंनी लामवरून हात फिरवला, कमान ओळखली आणि चष्मा काढून डोळे पुसले. ठिणगी गर्दीत मागे उभी होती.

गर्दी पांगल्यावर बोरूवाला सांध्यापाशी वाकला. तिथं तिचा ठसा होता. आणि ठशाशेजारी आरशासारखी घासलेली एक रिकामी पट्टी.

"हे काय?"

"तुझ्या नावाची जागा. सात नुक्ते रुंद. मापून ठेवलीय."

"कशानं मापलीस?"

"तुझ्या बोरूनं. चोरला होता."

तो हसला, मग गंभीर झाला. "वर्षभरात गंज चढेल."

"दर आठवड्याला तेल लावीन."

"आणि उस्तादांनी आणखी एक वर्ष वाढवलं तर?"

"तर तेल जास्त लागेल."

"मला तू आवडतेस," तो एका दमात म्हणाला. "पहिल्या दिवशी ओरडलीस तेव्हापासून. मी... अब्बांना विचारू?"

"लग्न अब्बांशी करायचंय का? आधी मला विचार."

"विचारलं. करशील माझ्याशी?"

ठिणगीनं तोंड फिरवलं. "दोन दिवसांनी सांगते."

"दोन दिवस?"

"राखेत राहू दे. घाईनं उघडायचं नाही, शिकलास ना?"

आणि ती ऐटीत चालू लागली. रस्त्याच्या वळणावर अब्बा आणि काका तिची वाट बघत थांबले होते. दहा पावलं गेली, वीस गेली... आणि दुसऱ्याला धीर शिकवणाऱ्या त्या बाईलाच दम निघेना. ती गर्रकन वळली आणि साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी ओरडली,

"हो!"

काकांना पुन्हा खोकला आला. अब्बा हसू दाबत आभाळाकडे बघू लागले. या खेपेला मात्र घाई करूनही काहीच तडकलं नाही.