पिंपातल्या इंजिनाचा वास

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्यासोबत घडलंय. आणि तेही भर दुपारी.

तळ्याकाठी आमचं वर्कशॉप आहे. मी आणि माझा थोरला भाऊ, दादा, तिथे होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. एकच खोली. तीन बाजूंना भिंती, पुढे निळं शटर. बस्स.

त्या दिवशी एक होडीवाली बाई जुनं टू-स्ट्रोक इंजिन घेऊन आली.

"चालतं झकास," ती म्हणाली, "पण धुराला भलताच वास येतो. गिऱ्हाईकं होडीत बसेनात."

"ऑइल जास्त पडत असेल," दादा हसला. "संध्याकाळी या."

आम्ही जुनं पेट्रोल काढलं. ऑइल मोजून नवं मिश्रण भरलं. प्लग घासला. पाणी फिरवणारा रबरी पंखा झिजला की इंजिन तापून वास सुटतो, म्हणून तोही बदलला. मग इंजिन पाण्याच्या पिंपात उतरवून दोरी ओढली.

पहिल्याच झटक्यात सुरू.

धूर आला... आणि आम्ही एकमेकांकडे बघितलं.

तो ऑइलचा वास नव्हता. रबराचाही नाही.

साबणाचा होता. नुकतंच न्हाऊ घातलेल्या तान्ह्या बाळाच्या टाळूला येतो ना... तसा.

"चिमणे, तुलापण येतोय?"

मी मान हलवली.

"बंद कर ते."

मी बटण दाबलं. इंजिन चालूच.

दादानं पेट्रोलची नळी उपसली. चालूच.

प्लगची टोपी खेचली. ठिणगीच नसेल तर पेट्रोलचं कुठलंही इंजिन जागीच गप्प होतं.

हे झालं नाही...

"बाहेर पळ!" दादा ओरडला.

मी वळले.

शटर खाली होतं.

इंजिन चालवताना आम्ही शटर कधीच पाडत नाही. जिवाशी खेळ असतो तो. शिवाय पडल्याचा आवाजही आला नव्हता.

दोघांनी रेटलं. लाथा घातल्या. तळहातांनी बडवलं. रस्ता चार पावलांवर, पण बाहेरून एक हाक नाही. एक हॉर्न नाही.

मग इंजिन थांबलं. अगदी शांत.

धूर मात्र येतच होता...

दादा मटकन खाली बसला. त्याचे डोळे मिटत होते.

"दादा, ऊठ ना रे!"

"श्श..." तो पुटपुटला. "आत्ता कुठे झोपलंय ते."

शटरला डोकं टेकून मी हंबरडा फोडला.

तेवढ्यात कुणीतरी माझी मनगटं पकडली. होडीवाली बाई! तिला संध्याकाळपर्यंत दम निघाला नव्हता. तिनं आम्हाला फरफटत उन्हात आणलं.

श्वास परत आला तसं मी विचारलं, "शटर कसं उघडलंत?"



"अगं, ते उघडंच होतं. तुम्ही दोघं उघड्या दारात उभे राहून हवेत हात आपटत होतात. मला आधी वाटलं, थट्टा चाललीय."

डॉक्टर म्हणाले, धूर डोक्यात गेला की माणसाला काहीही दिसतं.

पटलंही असतं. पण माझे तळहात सोलले होते, आणि त्यांना शटरचा निळा रंग लागला होता.

बाईनं ते इंजिन भंगारात दिलं. काय झोपलं होतं, हे मी दादाला एकदाच विचारलं. तो म्हणाला, "मी असं काही बोललोच नाही."

आजही कुठल्याही खोलीतून निघताना मी उघड्या दारात आधी हात पुढे करून बघते.

हात आरपार जातो...

आत्तापर्यंत तरी.