पहिल्या चौकटीतलं गाव

"मॅडम, ह्या मोबाईलला जरा वळण लावा. उघडला की नट्यांची लग्नं दाखवतो... अन् मला बघायचं असतंय पावसाचं!"

शिरूरचा आठवडी बाजार होता आणि माझ्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात तो खांद्यावर घोंगडी टाकून उभा होता. सोमेश्वर. बारावी झालेला, दीडशे मेंढरांमागं फिरणारा. डोळे असे की — जाऊ द्या, तेव्हा मी नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. निदान घरी कुणी विचारलं असतं, तर असंच सांगितलं असतं.

मी त्याला एक पान लावून दिलं. इंटरनेट उघडलं की आधी तेच दिसणार. पहिल्या चौकटीत मुक्कामाच्या गावाचं हवामान, तिच्याखाली शेळ्यामेंढ्यांचे भाव आणि मग त्यानं निवडल्या तेवढ्याच बातम्या. जनावरांचे रोग, लसी, चारा. नट्या गेल्या.

"आणखी काय पाहिजे?"

"ह्या पानावर दुकानातल्या मॅडम न्हाई का टाकता येत?"

"येतात. पण लई जागा खातात."

"खाऊ द्या की... बाकीचं काढून टाकू."

दिवाळीनंतर त्याची मेंढरं गोदावरीकडं निघाली. रिकाम्या रानात रात्रीची मेंढरं बसवायची, शेतकऱ्याला खत मिळतं, यांना धान्य, की चालले पुढच्या गावाला. गाव बदललं की पहिल्या चौकटीतलं नावही बदलायला हवं. तेवढ्यासाठी हा गडी दर बाजाराला एसटीनं शिरूर गाठायचा.

"शिकून घ्या की. इथं दाबायचं, गाव लिहायचं, झालं."

"डोस्क्यात न्हाई बसत, मॅडम."

"दीडशे मेंढरं तोंडावरून वळखता, अन् एक बटण न्हाई वळखू येत?"

"मेंढरं माझ्याकडं बघतेत. बटन कुठं बघतंय?" असं म्हणून तो माझ्याकडंच बघत राहिला.

मी मोबाईलमध्ये मान घातली. कान मात्र तापले होते.

आणि मग माझ्या वडिलांनी, आबांनी, कडा गावचं स्थळ आणलं. मुलगा नोकरीला, पक्कं घर, दारात नळ. आबांनी स्वतः निम्मं आयुष्य मेंढरामागं काढलेलं. "तुझ्या आईनं पालात दिवस काढले. तू न्हाई काढायचेस," ते म्हणाले. "फिरणाऱ्याला पोरगी देणार न्हाई." हे ते मायेनं बोलत होते, म्हणून त्यांच्यावर चिडताही येईना. पाहुणे रविवारी येणार होते. आणि सोमेश्वर? हा पठ्ठ्या दर आठवड्याला चौकट बदलून घ्यायचा, पण तोंड काही उघडायचा नाही!

त्या बाजाराला तो आला तो चेहरा पाडूनच.

"पाव्हणे येणारेत म्हणं तुमच्याकडं..."

"रविवारी. म्हणून आज शिकूनच घ्या. मी कड्याला गेल्यावर कोण बदलणार तुमचं गाव?"

मी रागानं त्याचा मोबाईल ओढून घेतला, पान उघडलं. पहिल्या चौकटीत राक्षसभुवन होतं. मी तर मागच्या आठवड्यात उमापूर टाकलं होतं!

"हे कुणी बदललं?"

तो घोंगडीची दशी ओढत राहिला. "मीच."

"कधीपासून येतंय तुमाला?"

"दुसऱ्या बाजारापासून... हिथं यायच्या आधी जुनं गाव परत टाकायचो. आज पाव्हण्यांचं ऐकलं, अन् ध्यानच राह्यलं न्हाई."

"खोटारडे! मग कावून येत व्हतात एवढ्या लांबून?"

"तेच सांगाया येत व्हतो. दर बारीला एसटी गावायची... शब्द गावायचा न्हाई."

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "परवाच्या अवकाळीत कोकरं भिजली का हो?"

"दोन भिजली. पण... उमापूरला पाऊस झाला हे तुमाला कसं म्हाईत?"

मी जीभ चावली. मग मात्र लपवण्यात अर्थ नव्हता. मी माझ्या कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडं वळवला. माझ्याही पानावर पहिल्या चौकटीत उमापूर होतं. त्याच्याआधी चकलांबा होतं. शिरूरचं हवामान मी कधीच काढून टाकलं होतं.

मग माझा कीबोर्ड पुढं ओढून एका बोटानं, एकेक अक्षर शोधत त्यानं 'राक्षसभुवन' लिहिलं.

"एक मुक्काम मागं राह्यलतीस, उज्ज्वला," तो हळूच म्हणाला.

संध्याकाळी आबांना मी भिजलेल्या कोकरांपर्यंत सगळं सरळ सांगितलं. "कड्याचं नको. मला सोमेश्वर पाहिजे."

"अन् ऱ्हाशील कुठं? पालात?"

"मेंढरं फिरतील, माझं दुकान थोडंच फिरणार हाय? मी हितंच राहीन. तो येईल. यायची सवय हाय त्याला."

आबा ताटावरून अर्ध्यातच उठले. रात्रभर कूस बदलत होते. मला वाटलं, संपलं सगळं.

सकाळी दुकान उघडते तोच ते आले. कधी पायरी न चढणारे माझे आबा कॉम्प्युटरपाशी येऊन उभे राहिले.

"त्याचं गाव दाखव बरं. पाऊस हाय का अजून?"

"न्हाई आबा. उघडलंय तिकडं."

"कोकरं भिजली म्हनालीस न्हवं? त्यांना गूळ-ओवा द्यावा लागतोय कोमट पाण्यातून. त्या पोराला ठावं हाय का न्हाई, कोन जाणे." त्यांनी हातातली पुडी नीट बांधली. "कड्याला कळवलंय, येऊ नका म्हणून. मी येतो जाऊन."

ते पायरी उतरले तेव्हा मी पाहिलं, आबांच्या खांद्यावर त्यांची जुनी घोंगडी होती.