गार्डच्या डब्यातला माणूस

"माजे डबे कुटं हायेत? रेश्मा... कुटं हायेत माजे डबे?"

डाव्या डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात औषधांची पिशवी, पायातल्या चपलासुद्धा काढायचं भान नाही... मागच्या खोलीच्या दारात भिवाजी उभा होता आणि समोरच्या भिंतीवरची लांबच लांब फळी रिकामी होती! आठ दिवसांपूर्वी, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पुण्याला जाताना, याच फळीवर आठ वाघिणी आणि शेवटी गार्डचा डबा अशी बोटभर उंचीची मालगाडी उभी होती. "परत आलो की डब्यावरचं नंबर बिनभिंगाचं वाचीन," असं हसत सांगून तो गेला होता.

पीठ मळता मळता रेश्मा तशीच बाहेर आली. सासऱ्याला ती मामा म्हणायची, आणि बापाइतकीच त्याची काळजी घ्यायची.

"मामा, इकलं की! आत्यांनीच सांगितलं. खोली भाड्यानं द्यायचीय, ती खेळणी काढ म्हणल्या. चारशेला एक, रुपया कमी घ्यायचा न्हाई म्हणल्या. तसंच दिलं. नवाचं छत्तीसशे आत्यांच्या हातात दिलं."

"चारशे?" भिवाजीचा आवाज फाटला. "अगं, चौदा हजाराचा एक डबा हाय त्यो!"

बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. कारण उंबऱ्यावर, दोन्ही गुडघ्यांवर हात दाबत, चंद्राबाई येऊन उभी राहिली होती.

"चौदा हजार? तुमीच मला सांगितलंत चारशे. दर दिवाळीला सांगितलंत."

इथं, या एका क्षणी, माणसानं माणसासारखं वागायला हवं होतं. पण भिवाजीनं नजर फिरवली. "घेतला तवा चारशेच होता. जुन्या मालाला भाव येतो. आता चौदा हजार झालाय... घेनाऱ्याला ठावं असनारच की."

चंद्राबाईनं हळूच मान वळवून सुनेकडं पाहिलं.

"मंग वरचं पैसं कुटं गेलं, रेश्मा?"

घरात काही नाहीसं झालं की चोर शोधायला लांब जावं लागत नाही. जी बाहेरून आलेली असते तीच असते! अकरा वर्षं तिनं त्या चुलीपुढं डोळे जाळलेले असोत, सासूच्या गुडघ्यांना तेल चोळलेलं असो, कशाचाही हिशेब धरला जात नाही. आणि दैव असं दुष्ट, की त्याच पंधरवड्यात मुठा गावात रेश्माच्या बापाच्या, कोंडिबाच्या घरावर निळे पत्रे चढले होते. तो ज्या बंगल्याची राखण करायचा, त्या मालकानं शेडचे जुने पत्रे काढून त्याला दिले होते. पण लोकांना पत्रे दिसतात, देणारा दिसत नाही.

"म्हनून निळं पत्रं व्हय!" चंद्राबाई म्हणाली.

संध्याकाळी रेश्माचा नवरा इंद्रजित पिरंगुटच्या कंपनीतून आला. रेश्माला वाटलं, आता हा तरी... आता हा तरी एक शब्द बोलेल! तो बोललाही. खोलीत येऊन, दार ओढून घेऊन, खालच्या आवाजात म्हणाला, "मला एकट्याला सांग. किती घेतलंस? मी आईला समजावतो."

"तुमी बी?"

"मी रागावत न्हाई गं. खरं तेवढं सांग."

रेश्माच्या अंतःकरणाचे त्या क्षणी तुकडे झाले. सासूनं 'चोर' म्हटलं ते एक वेळ सोसेल, पण नवऱ्यानं दाखवलेली ही दया... ती कुठल्या जन्मात सोसायची!

खोली बघायला आलेल्या आणि डबे घेऊन गेलेल्या पोराचं नाव दिग्विजय. आयटीत कामाला, मूळचा लातूरकडचा. त्या दिवशी चंद्राबाई पिरंगुटला गुडघे शेकायला गेलेली. पोरगा खोली बघायला म्हणून आला, फळी बघितली आणि त्याचे डोळे असे लकाकले, की खोलीचं भाडंसुद्धा विचारायचं विसरला. बॉक्सांसकट नऊच्या नऊ डबे गाडीत घालून गेला तो गेलाच. आता फोन उचलत नव्हता. पण भूगावातल्या सोसायटीचं नाव तो बोलता बोलता सांगून बसला होता. दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, रेश्मा पीएमपीच्या बसनं भूगावला उतरली आणि दोन वॉचमनांशी भांडून त्याच्या दारात उभी राहिली.

दार उघडताच त्याचा चेहरा उतरला. "ताई, तुम्ही सांगितलेल्या रेटनेच घेतलेत मी. एक रुपया कमी केला नाही. डील इज डील."

"डबे परत द्या. माज्या साठवल्यातनं तुमचं छत्तीसशे आणलंय. घरात मला चोर ठरवलीय."

"ते नाही जमणार." तो घुटमळला. "असा पीस परत मिळत नाही, ताई. बघा तुम्हीच."

त्यानं टेबलावर दोन डबे ठेवले. एक जत्रेत मिळतो तसला, एक भिवाजीचा. दोन्ही उलटे केले आणि तिच्या हातात भिंग दिलं. जत्रेतल्या डब्याचं पोट सपाट होतं. भिवाजीच्या डब्याच्या पोटाखाली मात्र केसाएवढा ब्रेकचा पाइप एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडं वळत गेला होता, दाराला खरी कडी होती, शिडीची एकेक पायरी वेगळी होती, आणि तिळाएवढे आकडे भिंगाखाली सरळ वाचता येत होते.

"हा पाचशेचा. हा चौदा हजारांचा. किंमत सगळी या खालच्या कामाची. जे वरून दिसतच नाही ना, त्याचीच."

"जुना झाला म्हनून किंमत वाढली का?"

"छे! नवाच चौदाला मिळतो. ही बिलं बॉक्समध्येच होती की. मला नकोत, घेऊन जा."

तीन बिलं. तिन्हींवर नाव भिवाजीचं. दर दिवाळीला तीन डबे, बेचाळीस हजार... आणि त्याच तीन दिवाळ्या! "अवं, गुडघ्याचं ऑपरेशन करा की आता," असं चंद्राबाई दर दिवाळीला म्हणायची आणि भिवाजी दर दिवाळीला मान खाली घालून सांगायचा, "जमिनीचं पैसं सरलं गं. पुढच्या साली बघू." त्या ऑपरेशनला पैसे जमावेत म्हणूनच तर म्हातारी मागची खोली भाड्यानं द्यायला निघाली होती!

संताप, संताप नुसता! तिची सुटका तिच्या मुठीत होती. हे कागद सासूपुढं फेकायचे आणि ताठ मानेनं उभं राहायचं. तेवढंच करायचं होतं.

ती उठली, आणि तिचं लक्ष गार्डच्या डब्याकडं गेलं. मागच्या कठड्यापाशी नखाएवढा माणूस उभा होता. हातात हिरवं निशाण. तिनं भिंग धरलं. गार्डला पांढरी टोपी होती. झुपकेदार मिशी होती. आणि डाव्या गालावर मोहरीच्या अर्ध्याएवढा काळा तीळ... मामाचा तीळ!

तिला आठवलं. एकदा शेंगा फोडता फोडता मामानं सांगितलं होतं. विसाव्या वर्षी त्याला रेल्वेत मालगाडीच्या गार्डचं बोलावणं आलं होतं. त्याच्या बापानं ते पत्र चुलीत घातलं. 'तू गेल्याव जमीन कोन बघनार?' जमिनीसाठी पोराचं आयुष्य जाळलं, आणि पुढं ती जमीनही बिल्डरच्या कुंपणात गेली. उरला तो हा... नखाएवढा.

"तो मी काढूनच टाकणार होतो," दिग्विजय म्हणाला. "हातानं रंगवलेलं काही असलं की किंमत उतरते."

"मंग त्यो मला द्या."

त्यानं चिमट्यानं तो माणूस अलगद उचकटला. एवढ्या वेळात पहिल्यांदाच तो ओशाळल्यासारखा दिसला. त्यानं काडेपेटी रिकामी करून दिली.

रविवारी सकाळी कोंडिबाला बोलावणं गेलं होतं. तो येऊन अंगणात उभा होता, टोपी हातात घेऊन. व्याह्याच्या दारी आलेल्या माणसाला कुणी बस म्हटलं नाही, कुणी तांब्याभर पाणी पुढं केलं नाही. देवघरापुढं चंद्राबाईनं ताटात बेल-भंडार काढून ठेवला होता. खंडोबाचा वार, आणि त्याच्यापुढं उचललेला बेल-भंडार! त्यावर हात ठेवून खोटं बोलणारा माणूस त्या घरात अजून जन्मला नव्हता.

"उचल," चंद्राबाई म्हणाली. "छत्तीसशेच्या वर पै घेतली न्हाई म्हन. तू उचललास की हे उचलतील. घेतला तवा चारशेच होता म्हनून. मंग कळंल देवालाच, कोन खोटं ते."

रेश्मानं सासऱ्याकडं पाहिलं. भिवाजीचा उघडा डोळा ताटावर खिळला होता. तिनं उचललं की पाळी त्याची. मग त्यानं एक तर देवापुढं खोटं बोलायचं, नाही तर चाळीस वर्षांच्या बायकोच्या नजरेतून कायमचं उतरायचं. बिलं तिच्या हातातल्या काडेपेटीत होती. बाप अंगणात होता. देवाशपथ, नुसता हात पुढं करायचा होता तिनं!

"न्हाई उचलत मी," रेश्मा म्हणाली.

कोंडिबाच्या हातातली टोपी खाली पडली. "पोरी... अगं पोरी, काय केलंस हे!"

"बघ!" चंद्राबाई इंद्रजितकडं वळली. "कळलं?" इंद्रजितनं तोंड भिंतीकडं केलं. काय करणार तो? ज्याला बायकोकडं बघायचं नसतं त्याला भिंत फार जवळची वाटते.

रेश्मा भिवाजीपुढं गेली. काडेपेटी त्याच्या हातावर ठेवली. "मामा, डबे न्हाई मिळालं. तुमचं मानूस तेवढं आनलंय."

त्यानं काडेपेटी उघडली. गार्ड आडवा पडला होता, आणि त्याच्या अंगाखाली, बारीक घडी करून, अंथरुणासारखी तीन बिलं... भिवाजीनं घडीचा कोपरा उचलला. आकडा दिसला. त्यानं सुनेकडं पाहिलं. हिला ठाऊक आहे! सगळं ठाऊक आहे, आणि तरीही ही बापासमोर चोर होऊन उभी आहे... माझ्यासाठी!

"रेश्मा..." त्याच्या छातीतून हुंदका फुटला. तो ताटाकडं धावला, काडेपेटी खाली ठेवून दोन्ही हातांनी बेल-भंडार उचलला. पिवळा भंडारा त्याच्या धोतरावर सांडला.

"चंद्रे, मी खोटं बोललो! चारशे न्हवतं गं, चौदाच हजार होतं. तिन्ही दिवाळ्यांना मी घेतलं आन् तुला पुढच्या सालावर घातलं. त्या डब्यांत तुजं गुडघं हायेत! पोरीनं पै घेतली न्हाई. चोर मी हाय... मी!"

ताटाशेजारची काडेपेटी चंद्राबाईनं उचलली. बिलं वाचायला तिला येत नव्हती, तिनं ती उलगडलीही नाहीत. गार्डला चिमटीत धरून कितीतरी वेळ बघत राहिली. टोपी बघितली, मिशी बघितली, तीळ बघितला.

"आन् ह्याला किती दिलं?"

"ह्याला काय बी न्हाई," भिवाजी डोळा पुसत म्हणाला. "म्या रंगवलाय त्यो. ह्याच्यापायी डब्याची किंमत उतरती."

"चाळीस साल मी तुमच्या मागं उभी हाय," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच चिरला. "मला सांगायचं हुतं की... नऊ न्हाई, दोन घ्या म्हनले असते. दोन घ्या आन् एक गुडघा करा!" गार्डला तिनं चुलीवरच्या कोनाड्यात, मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलं. "हितं ऱ्हाऊं दे. माज्या नजरंपुढं. परत खोटं बोललात तर ह्यालाच इचारीन."

मग ती सुनेकडं वळली. "रेश्मा, माजं चुकलं गं माय..." आणि खाली वाकू लागली. गुडघे वाकेनात.

रेश्मानं तिला थांबवलं नाही, उचललंही नाही.

"माज्या पाया पडू नका, आत्या. माजा बाप सकाळधरनं उन्हात उभा हाय. आधी त्याला पानी द्या."

"मी देतो," इंद्रजित पुढं झाला.

"तुमी न्हाई." तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "तुमचं आपलं मागनं बघू."

चंद्राबाईनं तांब्या भरला. कुणाचा आधार न घेता, एका हातानं भिंत चाचपत, ती उंबऱ्याकडं निघाली. पाणी हिंदकळत होतं. एक पाऊल... दुसरं... उंबरा ओलांडताना तिचा गुडघा लटपटला, आणि तेव्हा मात्र रेश्मा धावली. तिनं सासूच्या काखेखाली हात घातला, तांब्या तिच्याच हातात राहू दिला, आणि दोघी मिळून अंगणात उतरल्या.