एल्डरवेलचा वास

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी वारज्याच्या एका कॉल सेंटरमध्ये शिकवायला जातो, हे नारायण पेठेत कुणाच्या पचनी पडलं नाही. माझ्याही पडलं नव्हतं. पण २००४ साली पुण्यात बऱ्यापैकी इंग्रजी येणाऱ्या माणसाला कुणी स्वस्थ बसू देत नसे, आणि माझ्या बायकोच्या, हेमाच्या मते मी घरात फार बोलायला लागलो होतो. यज्ञेश्वर देवधर, भूगोलाचे सर, वातानुकूलित खोलीत.

काम असं. फोनवरचं अमेरिकन गिऱ्हाईक विचारणार, तू कुठली? तेव्हा पुणे म्हणायचं नाही. प्रत्येक मुलाला तिकडचं एक गाव दिलेलं असे, आणि आपण तिथेच जन्मलो असं त्यानं बोलायचं. खोटं नाव, खोटं गाव, नाकातून काढलेलं इंग्रजी. मला त्याची शिसारी यायची आणि मी ती लपवत नव्हतो.

खरी शहरं वाटून संपली तेव्हा आमचा मॅनेजर दिग्विजय म्हणाला, "सर, एखादं छोटं टाउन बनवा ना, मिडवेस्टमधलं. कोण चेक करणारे?"

"बरोबर. खोटं बोलायचंच आहे, तर नकाशाची अडचण कशाला?" मी म्हणालो. आणि बनवलं.

नाव ठेवलं एल्डरवेल. कौंटीचं मुख्य ठिकाण, म्हणजे आपल्याकडचं तालुक्याचं गाव समजा. चौकात दगडी कोर्ट, त्यावर बंद पडलेलं घड्याळ, रुळांच्या कडेला धान्याची उंच कोठारं. जिथे मका तिथे डुकरं, हे मी जन्मभर फळ्यावर लिहीत आलो. म्हणून नदीकाठी डुकरांचा कत्तलखाना टाकला आणि त्याला लागून चरबी वितळवण्याचा कारखाना. असं गाव कुठेही नाही. सवयीप्रमाणे मी नकाशात शोधून खात्री करून घेतली होती.

एल्डरवेल आलं श्रद्धाच्या वाट्याला. लातूरकडची मुलगी, गळ्यात तुळशीची माळ, घरात अंड्याचंसुद्धा नाव नाही. तिचे वडील, उत्तरेश्वर त्यांचं नाव, गावी करडईच्या तेलाचा घाणा चालवायचे. गावाचं नाव तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा ते माझ्या लक्षात होतं.

वर्गात माझी एक युक्ती असे. नुसती माहिती घोकून गाव अंगात भिनत नाही, त्याला वास लागतो. शाळेतही मी मुलांना आधी वास विचारायचो. इथेही विचारला.

"गरम पेंडीचा, सर," श्रद्धा डोळे मिटून म्हणाली. "घाण्यातनं काढल्या काढल्या येतो तो."

"छान. आता तो काढून टाका, आणि त्या जागी एल्डरवेलचा घाला."

बाकीची मुलं हसली. ती हसली नाही. बाकीचे चहाला गेले तरी ती तशीच डोळे मिटून बसली होती.

पुढच्या आठवड्यात तिनं आपलं गाव बोलून दाखवलं. वारा नदीकडून आला की पडदे चिकट होतात, म्हणाली. वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागतात. शाळेत मुलं एकमेकांच्या केसांचा वास घेऊन कुणाचा बाप कारखान्यात आहे ते ओळखतात. यातलं एक अक्षरही मी लिहून दिलेलं नव्हतं. सायबर कॅफेत बसून कुठून तरी उचललं असेल, असं समजून मी शाबासकी दिली.

मग वर्गात वास यायला लागला.

आधी वाटलं, खालच्या मंगल कार्यालयात काहीतरी तळतायत. पण हा तळणाचा वास नव्हता. गोडसर, उबट, जिभेच्या मुळाशी जाऊन बसणारा. चहावर तवंग दिसू लागला. खुर्चीच्या हातावर हात ठेवला की ओशट लागायचं आणि साबणानं जायचं नाही. घरी हेमानं जिन्यातच अडवून विचारलं, "अहो, बाहेर काय खाऊन आलात?" मी आंघोळ केली, तरी तिनं माझं ताट वेगळं वाढलं.

दिग्विजयला सांगितलं. तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "सर, एसी सर्व्हिसिंगला सांगतो. पण तुमची श्रद्धा एकदम टॉप! काल एक कस्टमर बाई रडायला लागली. म्हणे, मी तुझ्या आईच्या शेजारी राहायचे."

"कुठे?"

"एल्डरवेलला."

मी श्रद्धाला बाजूला घेतलं. तिच्या माळेचे मणी पिवळे पडले होते, त्यांच्यावर मेणासारखा थर होता.

"हे बघ, ते गाव मी रचलंय. या टेबलावर बसून. ते कुठेही नाही."

ती थोरामोठ्यांची चूक सांगताना हसतात तशी हसली. "घड्याळाचं तेवढं चुकलंय, सर. ते बंद नाहीये."

मुलीनं महिनाभर घरी फोन केला नाही म्हणून उत्तरेश्वर पुण्यात आले. धोतर, टोपी, हातात फडक्यात बांधलेली धपाटी, घरच्या करडईच्या तेलातली. "तिच्या आईनं जेवण सोडलंय, मास्तर. लेकराला घिऊनच ये म्हणली." मी स्वतः श्रद्धाला खाली बोलावलं. बापाला बघून ती भानावर येईल, धपाट्यांचा वास तिला परत आणील, अशी माझी मास्तरी आशा होती.

उत्तरेश्वरांनी फडकं सोडलं. तिनं तळहातानं नाक दाबलं.

"ई! कसला घाण वास आहे हा? सर, हे कोण?"

"आगं, असं काय करतीस? तुझा बाप हाय मी."

"आपलं काहीतरी चुकतंय," ती अगदी नम्रपणे, स्वच्छ पुणेरी मराठीत म्हणाली. "माझे वडील कारखान्यात असतात." आणि वर निघून गेली.

मला तिची किळस आली. मग आठवलं, वास काढून टाक असं तिला कुणी सांगितलं होतं ते. मी फडकं पुन्हा बांधून उत्तरेश्वरांच्या हातात दिलं.

मी त्यांना रिक्षानं शिवाजीनगरला, एसटी स्टँडवर घेऊन गेलो. वाटभर ते धोतराला हात पुसत होते.

"हाताला काय लागलंय कळंना, मास्तर. ओशट ओशट हाय."

चौकशीच्या खिडकीशी रांग होती. आमचा नंबर आला.

"कुठं?" आतल्या माणसानं मान वर न करता विचारलं.

उत्तरेश्वरांनी तोंड उघडलं. मग माझ्याकडे वळून ओशाळं हसले.

"मास्तर, आमच्या गावाचं नाव काय हो?"

मला सगळे तालुके क्रमानं येतात. लातूर आठवलं. त्याच्या पुढे काहीच नव्हतं. नावाच्या जागी फक्त तो गोड, उबट वास होता.

"लातूरकडं," मी म्हणालो.

"लातूरकडं दिवसभर गाड्या जातात, आजोबा. गाव बोला. मागं रांग आहे."

उत्तरेश्वरांचा चेहरा उजळला. "आठवलं!" ते म्हणाले. आणि जन्मगावाचं नाव माणूस जितक्या मायेनं घेतो तितक्याच मायेनं त्यांनी ते घेतलं.

"एल्डरवेल."

मी त्यांचा दंड धरला. आतला माणूस वर बघेल, हसेल, खेकसेल, म्हणून मी वाट पाहत राहिलो.

"सहा नंबर," तो म्हणाला. "लागलीये. पळा."

सहा नंबरच्या फलाटाजवळ लोक नाकाला रुमाल लावून उभे होते. उत्तरेश्वरांनी माझा हात सोडवला, धपाट्यांचं फडकं तिथल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि छाती भरून श्वास घेतला.